मॉसच्या पानाचा खिसा

आमच्या गंगाखेडच्या घरामागं सिमेंटचा हौद आहे. त्याला खालून बारीक झिरप आहे, ती कितीदा लिंपली तरी बंद झाली नाही. हौदाला लागून शेजाऱ्यांची विटांची भिंत, तिच्यावर ऊन फारसं येतच नाही. पावसाळ्यात या भिंतीवर हिरवी मखमल चढायची आणि आई दर रविवारी तारेचा ब्रश आणि ब्लिचिंग पावडर घेऊन ती उतरवायची. मी हे लहानपणापासून पाहत आले होते. एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जाईपर्यंत मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

परभणीला आमच्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात प्रकल्पाचे विषय वाटले गेले तेव्हा माझ्या वाट्याला ब्रायोफायटा आला. म्हणजे मॉस, लिव्हरवर्ट, हॉर्नवर्ट. खरी मुळं नसलेल्या, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नसलेल्या या वनस्पती जमिनीवर राहतात, पण पाण्याचा पातळ थर असल्याशिवाय त्यांच्यात फलन होत नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांना वनस्पतींमधले उभयचर म्हणतात, तेवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मैत्रिणी हसल्या. "तुला महाबळेश्वरला जावं लागणार बघ. परभणीत कुठलं आलंय मॉस?" आमच्या मॅडम मात्र म्हणाल्या, "महाबळेश्वरचं सगळ्यांनी केलंय. तू तुझ्या गावाचं कर. सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिही. तेही कुणीतरी लिहायला पाहिजे."

मी घरी येऊन सगळ्यात आधी मागची भिंत पाहिली. भिंगातून पाहिल्यावर ती मखमल राहिली नाही, दाट रान झालं. दोन-तीन मिलिमीटरची शेकडो रोपं, एकमेकांना टेकून उभी. मी आईला म्हटलं, आता हे घासायचं नाही.

"का? त्याची भाजी करायची हाय का?"

"माझा अभ्यास आहे त्यावर."

आईला पटलं नाही, पण अभ्यास म्हटलं की ती गप्प बसायची. बाबा मात्र पुढच्या खोलीतून उठून आले. आम्ही घरात तिघंच. बाबा टेलर. पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान, दोन मशिनी, शाळेचे गणवेश आणि ब्लाऊज. त्यांनी कानावरचा निळा खडू काढून माझ्या हातात दिला. "आख रेघ. इथून तिथवर तुझं." मी भिंतीवर चौकोन आखला. मग आईला आणखी एक अट घातली, की खालच्या फरशीवरही पावडर टाकायची नाही, कारण तिचं पाणी भिंतीवर उडतं. ही अट माझी होती. ती मी मोठ्या शहाणपणानं घातली होती, म्हणून इथं मुद्दाम लिहिते आहे.

जुलै संपत आला होता. सकाळी मी परभणीची गाडी पकडायची म्हणून डबा भरत होते. बाबा अंघोळीचं पाणी काढायला मागं गेले. बादली आपटल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचा, "अगं ए," एवढाच.

मी धावले तेव्हा ते हौदाशी एका कुशीवर पडलेले होते. पाय हलत नव्हता. बादली लांब घरंगळत गेली होती. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. "मला उचलू नका, आधी कुणाला तरी बोलवा," असं अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं. खुब्यापाशी हाड मोडलं होतं. त्याच दिवशी परभणीला नेलं, दोन दिवसांनी ऑपरेशन होऊन आत सळई बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना पाय टेकवायचा नाही आणि तीन-चार महिने मशीन चालवायचं नाव काढायचं नाही.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या कॉटशेजारी बसून संत्रं सोलताना, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या शेवाळानं पाडलं त्यांना."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, फरशीवर होतं ते शेवाळ. भिंतीवरचं मॉस. ते वेगळं असतं."

ते खरंच वेगळं असतं. फरशीवर जो बुळबुळीत हिरवा थर धरतो ती शैवालं, त्यांना ना खोड ना पान. मॉसला निदान इवलीशी पानं असतात, ते तंतूंनी भिंतीला घट्ट धरून राहतं. पण बोलता बोलताच मला माझी लाज वाटली. कॉटवर बाबा डोळे मिटून होते. ते म्हणाले, "कोरटात सांग ते. आरोपी बदलला तर हाड लवकर जुळतं का बघू." आणि हसले. हसल्यावर त्यांना कळ आली आणि आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

मधे एक दिवस आई कपडे आणायला घरी जाऊन आली होती. बाबांना घरी आणलं तेव्हा मी मागं गेले, तर भिंत विटांपर्यंत घासलेली. खडूची रेघही गेली होती. फरशी पांढरीफटक, पावडरीचा वास अजून येत होता. मॅडमना फोन करून म्हटलं, मला विषय बदलून द्या, मी शेतातल्या तणांवर करते. मॅडम म्हणाल्या, "आठ दिवस जाऊ दे. मग सांग."

बाबांची कॉट पुढच्या खोलीत मशिनींच्या शेजारी टाकली होती. त्यांना पडून राहायची सवय नव्हती. गणवेशांचे गठ्ठे दुसऱ्या टेलरकडं पाठवून दिले तेव्हा त्यांनी प्रत्येक गठ्ठा उलगडून पाहिला, पुन्हा बांधला. नंतर काही कामच उरलं नाही. ते बोटांनी चादरीचा काठ चाचपत बसायचे. एकदा मी पाहिलं, ते चादरीची शिवण मोजत होते, इंचाला टाके किती.

माझी पुठ्ठ्याची पेटी खिडकीत होती. तिच्यात कागदाच्या पुड्या, आणि पुड्यांत अपघाताच्या आधी गोळा केलेलं वाळकं मॉस. बाबांनी ती पेटी पाहिली आणि म्हणाले, "मी कशावरून पडलो, ते तरी दाखव."

"बाबा, तुम्ही यावरून..."

"माहीत हाय. शेवाळ अलग, हे अलग. दाखव तर."

मी बशीत पाणी घेतलं, मागच्या भिंतीवरच्या मॉसची पुडी उघडून चिमूटभर त्यात सोडलं. वाळलेलं मॉस तपकिरी असतं, पानं आत वळून सुरळ्या झालेली, चहाच्या चोथ्यासारखं दिसतं. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. पाण्यात पडल्यावर काही क्षणांतच एकेक सुरळी उलगडायला लागली. मिनिटभरात पानं पसरून चांदण्यांसारखी झाली आणि रंग हिरवा.

बाबांनी बशी जवळ ओढून पुन्हा भिंग धरलं. मग म्हणाले, "मेलेलं न्हवतं की हे."

"नाही. याच्या आत पाण्याच्या नळ्या नसतात ना. सगळ्या अंगानंच पितं आणि सगळ्या अंगानंच वाळतं. वाळलं की थांबून राहतं. पाणी आलं की पुन्हा सुरू."

"किती दिवस थांबतं?"

"काही जाती वर्षानुवर्षं."

"पुन्हा वाळव," ते म्हणाले. "उद्या पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी विभागातून आणलेलं डिसेक्टिंग मायक्रोस्कोप बाहेर काढलं. साधं यंत्र, वर भिंग, खाली काच आणि आरसा. बाबांना दाखवायचं म्हणून एका रोपाचं एक पान सोडवायला घेतलं. हे काम मला कधीच जमायचं नाही. पान जेमतेम दीड मिलिमीटरचं, जाडीला बहुतेक ठिकाणी पेशींचा एकच थर. चिमट्यानं धरून सुईनं सोडवलं की फाटायचं. तीन पानं फाटल्यावर बाबा म्हणाले, "तू सुई हातानं हलवायलीस. हात टेकव, सुई बोटानं हलव. आण इकडं."

त्यांनी उशीला टेकून, कॉटवर आडवा पाट घेतला. माझी डिसेक्टिंगची सुई बाजूला ठेवली आणि आपल्या डब्यातली दहा नंबरची बारीक सुई काढली. चष्मा कपाळावर सरकवला. डाव्या हाताच्या सुईनं खोड दाबून उजव्या सुईनं त्यांनी खालपासून एकेक पान सोडवत आणलं, ब्लाऊजची हुकपट्टी उसवावी तसं. एकही फाटलं नाही. शेजारच्या रोपाचीही तशीच काढली, दोन्हींची आठ-दहा पानं ओळीत मांडली आणि म्हणाले, "ही दोन वेगळी कापडं हायेत."

"म्हणजे?"

"ह्या पानाचा एक पदर वळलेला हाय, सुरळीसारखा. आणि ह्याला खिसा हाय."

मी भिंगाला डोळा लावला. एका पानाची बुडाकडची अर्धी बाजू दुहेरी होती. दोन पदर, मधे फट, आणि रोपावर असताना त्या फटीत वरच्या पानाचं बूड बसत असणार. अगदी शर्टाला लावतात तसा खिसा. मी पुस्तक काढलं. फिसिडेन्स नावाच्या मॉसची हीच खूण, पानाचा खालचा भाग दुहेरी असतो आणि तो खोडाला कवेत घेतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आकृतीही काढली होती. पण पुडीवर एकच नाव टाकून मी मोकळी झाले होते. भिंतीवर दोन जाती एकमेकींत मिसळून वाढल्या होत्या हे मला दिसलंच नव्हतं.

"बाबा, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"तू हिरवं बघायलीस. शिवण बघ."

मॅडमना मी पुन्हा फोन केला. विषय तोच ठेवते म्हणाले.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं ते आठवलं की मला अजून हसू येतं. मी सकाळी परभणीला जायचे, वाटेत पुलाच्या कठड्यावर, रेल्वेच्या जुन्या भिंतीवर, नदीकाठच्या पायऱ्यांच्या फटींत जे मिळेल ते पुड्यांत भरून संध्याकाळी आणायचे. बाबा दिवसभर ते भिजवून, सोडवून, मांडून ठेवायचे. आडवे काप घ्यायला त्यांनी अर्धं ब्लेड घेतलं, टेलर लोक शिवण उसवायला वापरतात तसं. बटाट्याला चीर पाडून तीत पान धरायचं आणि बटाट्यासकट काप घ्यायचे. त्यांचे काप इतके पातळ यायचे की पाण्यात तरंगताना दिसायचे नाहीत. एका वहीत ते आपल्या भाषेत टिपण ठेवायचे. 'काठाला पायपिंग.' 'मधली शिरा टोकापर्यंत गेली न्हाई.' 'अस्तर नाही, एकपदरी.' मी त्याच्यासमोर शास्त्रातले शब्द लिहायचे. पायपिंग म्हणजे पानाच्या कडेच्या लांब पेशींची किनार. एकपदरी म्हणजे एकपदरीच.

आई या सगळ्यात नव्हती. ती बाबांना उठवायची, बसवायची, वॉकर धरून चालवायची, आणि बशा-वाट्या मॉससाठी गेल्या म्हणून कुरकुर करायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. सप्टेंबरात ती दोन दिवस पेडगावला माझ्या मामांकडं गेली. परतली तेव्हा मी ओट्यापाशी होते. तिनं पिशवीतून डब्याचं झाकण काढलं. झाकणात काळ्या मातीचं ढेकूळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

"कापसाच्या कडंला, पायवाटंवर व्हतं. बघ तुझ्यातलं हाय का. नसलं तर टाकून दे."

फडकं उघडलं. मातीवर रुपयाएवढे हिरवे गोल ठसे, मधून फाकत फाकत बाहेर गेलेल्या चपट्या फिती, प्रत्येक फितीच्या मधोमध एक पन्हळ. रिक्सिया. लिव्हरवर्ट. मी ते जूनपासून शोधत होते आणि मला एकही सापडलं नव्हतं, कारण मी भिंती पाहत होते, शेतं नाही.

"आई, हे तुला कसं कळलं?"

"कळलं न्हाई. चपटं व्हतं, मातीला चिकटलेलं. आपल्या घरात जी मंडळी आणायलीस त्याच जातीचं दिसलं." मग म्हणाली, "लय जपून आणलंय. गाडीत मांडीवर धरून बसले व्हते. बाजूची बाई म्हणाली, कशाचं रोप हाय. मी म्हणलं, पोरीच्या कॉलेजचं."

मी तिच्या गळ्यात पडले. तिचे हात मातीचे होते, तिनं ते माझ्या पाठीला लागू नयेत म्हणून लांब धरले होते. मी रडत होते आणि सॉरी म्हणत होते, फरशीबद्दल, पावडरीबद्दल. ती म्हणाली, "बास आता. मी बी तुझी भिंत घासली की. रागानं घासली."

बाबांनी त्या रिक्सियाचा उभा काप घेतला. आत काळे दाणे दिसले, मण्यांसारखे. मॉसचं बीजाणूंचं बोंड देठावर वर येतं, रिक्सियाचं मात्र कधी बाहेरच येत नाही. बीजाणू अंगातच राहतात आणि रोप कुजलं की मातीत मिसळतात. मी हे समजावून सांगत होते तेव्हा आई पहिल्यांदाच मायक्रोस्कोपशी बसली. मग बाबांनी तिला नदीकाठचं मॉस दाखवलं, बोंडं धरलेलं, आणि शिकवायला लागले. "हे बोंड म्हणजे लेकरू बरं का. आईच्या शेंड्यातूनच उगवतं. तिथंच उभं ऱ्हातं, बरंचसं तिचंच खातं. आईला सोडून कदी जातच न्हाई."

आई भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "आपलीच गत दिसायलीय."

डिसेंबरात बाबा काठी घेऊन चालायला लागले. डावा पाय किंचित आखूड झाला. पायानं मशीन मारणं जमेना म्हणून त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली. त्या मोटरीच्या वेगाची त्यांना अजूनही सवय झाली नाही असं ते म्हणतात, पण ब्लाऊज पूर्वीसारखेच येतात.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठातले एक सर आले होते. वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या स्लाईड एकेक करून पाहिल्या. एकीपाशी थांबले. "हे काप तुम्ही घेतलेत?"

मॅडमना मी आधीच सांगितलं होतं आणि प्रकल्पाच्या आभारातही लिहिलं होतं, पण सरांनी ते वाचलेले नव्हते.

"नाही सर. वडिलांनी."

"कुठल्या कॉलेजात आहेत?"

"टेलर आहेत सर. गंगाखेडला."

त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढून माझ्याकडं पाहिलं. "आणि ओळख? जाती कुणी ओळखल्या?"

"ओळख मी केली. पण एका ठिकाणी एक नाही, दोन आहेत, हे आधी त्यांना दिसलं."

त्यांनी स्लाईड बाजूला सरकवली. मला अर्धा तास प्रश्न विचारले, सोपा एकही नाही. दोन उत्तरं चुकली. शेवटी त्यांनी एक ओलं रोप काचेवर ठेवलं आणि म्हणाले, "एक पान सोडवून दाखवा." मी दोन्ही मनगटं टेबलावर टेकवली. पान आलं, बुडाच्या दोन्ही पदरांसकट. "हं," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाबांच्या टिपणांची वही त्यांनी दहा मिनिटं चाळली. जाताना मॅडमना म्हणाले, "पायपिंग हा शब्द चांगला आहे."

माझा पहिला नंबर आला नाही. चौथी आले. घरी आल्यावर बाबांनी मार्कांचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "काप उलटा-सुलटा करून बघितला का त्यांनी?"

पुढच्या पावसाळ्यात मागच्या भिंतीच्या सांध्यांतून मॉस पुन्हा फुटलं, आणि आईनं फरशीवर काथ्याची जाड पायपुसणी टाकून, फक्त फरशी घासायचं ठरवलं. मी आता गंगाखेडहून जवळच एका कॉलेजात तासिकांवर शिकवते. गेल्या ऑगस्टमध्ये बी. एस्सी.च्या मुलींची प्रात्यक्षिकं होती आणि सगळ्यांची पानं फाटत होती. मी बाबांना म्हटलं, एक दिवस येता का. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काठी घेतली आणि माझ्याबरोबर एस. टी.नं आले. प्राचार्यांची परवानगी मी काढली होती.

बावीस मुली त्यांच्याभोवती. आधी ते अवघडले, मग एका मुलीच्या हातातली सुई पाहून राहवलं नाही. "ही सुई न्हाई, दाभण हाय. कोण आणली?" मुली हसल्या. तासाभरात त्यांनी प्रत्येकीचं मनगट टेबलाला टेकवून घेतलं. एकीनं विचारलं, "काका, तुमचं शिक्षण किती?"

"सातवी. नापास धर."

"मग हे कुठं शिकलात?"

"हॉस्पिटलातून आलो तेव्हा कॉटवर पडून." त्यांनी एकीची सुई उजेडात धरून पाहिली. "काम काय, ते कापडाचंच हाय. हे कापड लय नाजूक, आणि ओलं असतानाच कापावं लागतं. वाळलं की आकार बदलतो."

मी फळ्यापाशी उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "बरोबर सांगायलोय ना, मॅडम?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"मग लिहून घ्या," ते मुलींना म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडं वळले.